असामी शून्य

दिवसा मी जिल्हा कोर्टासमोर
निंबाखाली प्रतिज्ञापत्रं टाइप करतो:
मी, अमुक, वय अमुक, धंदा मजुरी,
सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की…
रात्री कूलरमध्ये दोन बादल्या ओतून
नागपूरचं राज्य चालवतो.

शके सतराशे सतरापासून चालू आहे डाव.
नकाशावर आमचा रंग केशरी,
संत्र्याचा नाही,
कुणा परदेशी चित्रकाराला जमला तेवढा.
एका क्लिकवर तीन महिने जातात.
खजिना उणे चाळीस. स्थैर्य उणे एक.
मग मी घड्याळ थांबवून वही उघडतो,
कारण उणे एक म्हणजे काय
हे गेमला ठाऊक नाही.
उणे एक म्हणजे इतवारीत
तेलाचा भाव ऐकून
एक बाई रिकामा बुधला घेऊन परत गेली.

गेमकडे मराठी नावं अकराच.
तीन खजिनदार ओळीनं खंडो बापूजी निघाले.
वहीत मी त्यांना आजा, बाप, लेक केलं
आणि काठाला चीर गेलेली एकच दौत
तिघांना पुरवली.

वही वाचतात फक्त पराते काका,
चहाच्या ठेल्यावर, दूध वर येईपर्यंत.
चष्म्याची एक काडी सुतळीची.
लढाया आल्या की पानं उलटतात.
"तोफा राहू दे बे,
त्या सांडणीस्वाराचं सांग. गणबाचं."

गणबा हेडाऊ खरं तर हिशेबात नव्हता.
उंटांच्या तुकडीला एक तोंड हवं होतं,
म्हणून मी त्याला दुखरी दाढ दिली,
आणि मैना नावाची सांडणी,
जी त्याच्याशिवाय कुणाचंच ऐकत नाही.

मंगळवारी रात्री, शके सतराशे एकोणचाळीस,
सीताबर्डीची टेकडी आम्ही राखली.
कर्णा वाजला, स्क्रीन सोनेरी झाली,
खाली बारीक अक्षरात यादी:
पायदळ नऊशे बारा.
तोफा सात.
सांडणीस्वार शून्य.

सकाळी त्याच टेकडीखालून गेलो.
डोक्यावरून मेट्रो गेली,
तर्रीच्या वाफेत माणसं उभ्यानं पोहे खात होती.
जिंकलो होतो, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.
काकांनी विचारलं. म्हटलं, अजून लिहायचंय.
ते गाळणी आपटत म्हणाले,
"माह्या आज्याचा बाप असाच गेला म्हणते.
मागावर अर्धं लुगडं ठेवून.
मेला म्हणून सांगाले कोणी आलं नाही कधी."

जुना डाव जपून ठेवलेला होता.
भाद्रपदातला.
तिथून उंट कामठीकडे वळवले असते, की झालं.
तीनदा हात माउसवर गेला.
पण मग टेकडीवर दुसरी तुकडी लागली असती,
जिला मी अजून दाढसुद्धा दिलेली नव्हती.

लाइट गेली. कूलर शेवटचं फडफडून थांबला.
मोबाइलच्या उजेडात यादी आठवत बसलो.
सांडणीस्वार, असामी शून्य.
जन्मभर कागद केलेत, मला कळायला हवं होतं:
शून्य म्हणजे हजेरीला कोणी नाही,
एवढंच.

तर लिहिलं की त्या संध्याकाळी
एक माणूस नाग नदीवर आला,
जेव्हा तिचं पाणी ओंजळीनं पिता येत होतं.
खळखळून चूळ भरली, दाढ हातात आली.
ती त्यानं धुतली, फेट्याच्या पदरात बांधली
आणि पायीच निघाला,
कोष्टीपुऱ्यात एक अर्धं लुगडं होतं त्या दिशेनं.

दुपारी एका बाईचा कागद टाइप करत होतो.
"वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे"
इथं बोट थोडं अडलं.
बाईनं विचारलं, काय झालं भाऊ?
काही नाही म्हटलं, फुलस्टॉप दिला.

काकांनी पान दोनदा वाचलं.
दूध वर आलं, गेलं, शेगडीवर चरचरलं.
लुगड्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.
वही परत देताना फक्त म्हणाले,
"पायी गेला.
अन् मैना?"